काचेतली कणगी

परदेशात म्युझियमचं शिक्षण घेत होते तेव्हा एका खेड्यातल्या शेतीच्या म्युझियममध्ये नेहमी जायचे. तिथे नांगराशेजारी खुर्ची टाकून एक म्हातारा शेतकरी बसलेला असे. कोणी आलं की तो उठायचा, आपल्या बोलीत नांगराची गोष्ट सांगायचा, मध्येच सरकारला शिव्या घालायचा, मध्येच खिशातून बिस्कीट काढून द्यायचा. मी ठरवून टाकलं, आपल्याकडे असंच काहीतरी करायचं. भिवंडीला परत आले ती याच खुळात.

म्युझियम मिळालं ते वळ गावात, गोडाउनांच्या रांगेत. दोन्ही बाजूंना कंटेनर लागलेले, मधल्या एका गाळ्याला दर्शनी बाजूने बांबूच्या चटया ठोकून गावरान केलेलं, आत एसी. शिकार, जंगल, शेती आणि अन्न अशी चार दालनं. शेतकरी इथेही दाराशी खुर्ची टाकून बसलेला होता. फक्त त्याच्या अंगावर सिक्युरिटीचा निळा शर्ट होता आणि पाहुण्यांशी बोलायची त्याला मनाई होती.

वस्तू जमवायला मला नेमलं होतं. त्या हळूहळू जमल्या. किस्से मात्र कोणी न बोलावता आले आणि वर्षभरात इतके साठले की मैत्रिणी भेटल्या की पहिला प्रश्न, "नवीन काय झालं तुमच्याकडे?" सांगितलं की त्या पोट धरून हसतात. मलाही हसू येतं, पण सांगून झाल्यावर तासभर माझं डोकं तापलेलं राहतं.

आधी माणसं सांगते, म्हणजे घोळ होणार नाही.

निळ्या शर्टातला शेतकरी म्हणजे हिरूकाका. माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, मला लहानपणापासून 'बाय' म्हणतात. म्युझियम उभं आहे ती जमीन पूर्वी त्यांची होती. विकली, विषय संपला, त्याबद्दल ते बोलत नाहीत. ओढ्याच्या कडेला एक तुकडा उरलाय, त्यात ते दरवर्षी राता लावतात. राता म्हणजे लाल तांदळाचं जुनं भात. आसपासच्या सगळ्यांनी ते लावणं सोडलं, यांनी सोडलं नाही.

दुसरे भाऊसाहेब. आमचे विश्वस्त. शेतकऱ्याचेच चिरंजीव, आता गोडाउनांचे मालक. मनाने वाईट माणूस नाही. वाईट असते तर मला भांडायला सोपं गेलं असतं.

उद्घाटनाच्या आधी ते काकांना म्हणाले, "हिरू, तुझी कणगी दे. पण भरलेली दे, रिकामी फोटोत चांगली दिसत नाही."

काकांनी दिवाळीच्या सुमारास झोडलेलं सगळं भात, बियाण्यासकट, त्या बांबूच्या कणगीत भरलं. तोंड शेणाने लिंपलं आणि दिलं. बोली एवढीच, "रोहिणी निघायच्या आत परत." रोहिणी नक्षत्र लागलं की इकडे पेरणी. भाऊसाहेब "हो हो" म्हणाले. मी ती कणगी काचेच्या खोलीत ठेवली, कुलूप लावलं आणि तिच्यावर नंबर चिकटवला. हे भाऊसाहेबांनी केलं नाही. मी केलं, आणि केल्यावर त्याचा फोटो काढून माझ्या प्रोफेसरबाईंना पाठवला.

तर त्या कणगीत गावातलं शेवटचं राता भात होतं. बाकीचे किस्से तिच्या आजूबाजूचे.

*

शिकारीच्या दालनात फायबरचं रानडुक्कर आहे. त्याच्यापुढे वाघर ताणलीय, म्हणजे शिकारीचं जाळं. हाताने वळलेला दोर, हाताने मारलेल्या गाठी. खाली पाटी: 'आदिवासी शिकारजाळे. निर्माता अज्ञात.'

एकदा शाळेची सहल आली. मुलांबरोबर त्यांचा खाऊ शिजवणारी जानीबाई होती, जवळच्या कातकरी वाडीतली. तिला वाचता येत नाही. तिने नातीला पाटी मोठ्याने वाचायला लावली, ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळली.

"माझ्या बापाचं नाव अज्ञात न्हाय. बाळू हाय."

जाळं तिच्याच घरातून आणलं होतं. मी पाठवलेल्या माणसाने वस्तू घेतली, फोटो घेतला, नाव विचारलं नाही. मी त्याच दुपारी बाळूच्या नावाची पाटी करून लावली. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर पुन्हा जुनी पाटी.

"मॅडम, शिकारीला बंदी आहे," भाऊसाहेब मला समजावत म्हणाले. "नाव टाकलं तर उद्या फॉरेस्टवाले येऊन विचारतील, हा बाळू कुठाय?"

"तो कधीच वारला."

"मग अज्ञातच बरा. मेलेल्या माणसाला कशाला त्रास?"

*

जंगलाच्या दालनात सागाची आठ झाडं आहेत, सगळी प्लास्टिकची. हुबेहूब दिसतात. अडचण एवढीच की त्यांची पानं गळत नाहीत. इंटेरिअरवाल्या साहेबांना खाली पानगळीचा लुक हवा होता. म्हणून हिरूकाकांना नवी ड्युटी लागली. रोज सकाळी शेताच्या बांधावरून खऱ्या सागाचा पाला गोणीत भरून आणायचा, प्लास्टिकच्या झाडांखाली पसरायचा, आणि आठवड्याने झाडून नवा टाकायचा.

इकडे भाताचा वाफा पेरायच्या आधी त्यावर पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. त्यासाठी उन्हाळाभर बायाबापड्या जंगलातून पाल्याचे भारे आणतात. काकांनीही जन्मभर आणले.

एका सकाळी गोणी खांद्यावर टाकून ते माझ्यासमोर थांबले. "बाय, मोठ्या शाळेत शिकलीस ना तू? मग सांग. सगळी उमर जंगलातला पाला शेतात नेला. आता शेतातला पाला जंगलात नेऊन टाकतोय. यात पुढं गेलो का मागं आलो?"

उत्तर इंटेरिअरवाल्यांनी दिलं. "काका, त्या कोपऱ्यात जरा जास्त टाका. तिथं सेल्फी पॉइंट आहे."

*

शेतीच्या दालनात जातं आहे आणि जात्याखाली मोटर. बटन दाबलं की जातं आपोआप फिरतं आणि स्पीकरवर स्टुडिओत रेकॉर्ड केलेल्या ओव्या लागतात.

आता आपल्याकडे रिकामं जातं कोणी फिरवत नाही. ज्या बायकांनी कधीकाळी दळलंय त्यांना ते बघवतच नाही. जातं रिकामं गरगरायला लागलं की त्यांचा हात पिशवीत जातो. कोणी बाजारातून घेतलेले तांदूळ टाकते, कोणी चवळी. एकीने काहीच नव्हतं म्हणून पोराच्या हातातले शेंगदाणे काढून टाकले. पोर रडलं, पण जातं रिकामं राहिलं नाही. मोटर तीनदा जळली.

मी भाऊसाहेबांना म्हटलं, मोटर काढून टाकू. खुंटा बसवू, तांदळाची टोपली ठेवू, ज्याला दळायचंय त्याला दळू दे. बायका दळता दळता स्वतःच गातील, स्पीकर लागणार नाही.

"आणि पीठ सांडलं तर?" भाऊसाहेब म्हणाले.

"जातं आहे, भाऊसाहेब. पीठ सांडणारच."

त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लागली: 'जात्यात धान्य टाकू नये.'

पडघ्याकडच्या एका मावशी ती पाटी दोनदा वाचून तिकीट खिडकीपाशी आल्या. "अगो, मग यात टाकायचं तरी काय?"

खिडकीत नसीमाआपा बसते. धामणकर नाक्याजवळ तिच्या सासऱ्यांचा लूमचा कारखाना होता. तिचं निम्मं आयुष्य त्या खडखडाटात गेलं, त्यामुळे ती हळू बोलूच शकत नाही. तिने तिथूनच ओरडून सांगितलं, "उसमें कुछ नहीं डालने का, मौसी. बटन दाबायचं आणि पुढे जायचं."

*

अन्नाच्या दालनाला लागून कॅन्टीन आहे. 'गावरान थाळी' मिळते. थाळीत पनीर असतं. भातही असतो, बासमतीचा.

मुंबईहून खाण्यापिण्याचे व्हिडिओ करणारी एक बाई आली. मुलगी समजूतदार होती. तिने कॅन्टीनवाल्याला विचारलं, "इथला तांदूळ नाही का? या मातीतला?"

"है ना," तो म्हणाला आणि काचेच्या खोलीकडे बोट दाखवलं. "वो देखो. देखने के लिए फ्री है."

तिने बासमतीची थाळी हातात घेऊन कणगीसमोर व्हिडिओ केला. खूप लोकांनी पाहिला. भाऊसाहेबांनी तो मला चार वेळा पाठवला.

त्या दुपारी नसीमाआपाने तिच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि सुका जवळा माझ्यापुढे सरकवला. खाता खाता म्हणाली, "मॅडम, एक विचारू? आमचे लूम मंदीत चार महिने बंद होते. चालू करायला गेलो तर पट्टे कडक, दांडे गंजलेले. लोखंडाची ही गत. मग भाताला किती दिवस कोंडून ठेवणार?"

"रोहिणीच्या आत द्यायचंय," मी म्हटलं.

"देणार कोण? तुम्ही का ते?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट भीती वाटली.

*

मे उजाडला. हिरूकाकांनी ओढ्याकाठचा राब भाजून ठेवला. मग एके दिवशी टोपी काढून माझ्या टेबलासमोर उभे राहिले. मला ते टोपी काढणं अजिबात आवडलं नाही.

"बाय, कनगी सोडशील का? भात घेतो, कनगी राहू दे तुमास."

मी रजिस्टर उघडलं. माझ्याच अक्षरात, माझ्याच नियमाने लिहिलेलं होतं: कणगी, आतल्या भातासह, संग्रहाची कायम मालमत्ता. परतीच्या बोलीचा एक शब्द मी लिहिला नव्हता. परदेशात शिकवलं होतं की एकदा नंबर पडला की वस्तू समितीच्या ठरावाशिवाय हलत नाही. हा नियम मी भाऊसाहेबांच्या गळी उतरवला होता, तोही भांडून. वस्तू कोणी उचलून नेऊ नयेत म्हणून.

"समितीला विचारावं लागेल, काका."

"समितीनं कधी पेरलंय का?"

हा टोमणा नव्हता. ते खरंच विचारत होते.

समितीची बैठक मागितली. भाऊसाहेबांच्या पुतण्याचं लग्न निघालं. पुन्हा मागितली. इंटेरिअरवाले गोव्याला होते. तिसऱ्यांदा मी थेट भाऊसाहेबांच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, माझा नियम चुकला, मीच मागे घेते, मिनिटभराचं काम आहे. रोहिणी आठवड्यावर आलीय.

"अहो, बियाणंच पाहिजे ना हिरूला? दुकानातून पिशवी आणून देतो. एक नंबर, सरकारी शिक्का असलेलं. जुन्याला काय धरून बसायचं?"

"जुनं जपायलाच म्युझियम काढलंय ना आपण?"

"म्हणूनच तर," ते समाधानाने म्हणाले. "जपलंय ना काचेत."

घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "तुला मोठ्या माणसांशी बोलायची रीत न्हाय." रीत काय असते विचारलं, तर पेपर उघडून बसले.

*

आणि मग किडे झाले.

ते होणारच होते. बाहेरचा पाला रोज आत येत होता, त्यातून भुंगे आले, आणि ते काचेच्या खोलीवर चढलेले एका पाहुण्याने पाहिले. त्याने फोटो टाकला. ज्या समितीला तीन आठवडे वेळ नव्हता ती दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता हजर. चार जण, टेबलावर काजूकतली, एसी सोळावर.

मला वाटलं, बरं झालं. आता भात बाहेर काढावंच लागेल. मी कागद तयार करून नेला होता.

इंटेरिअरवाल्यांनी आपला उपाय आधी मांडला. "औषध मारलं तर वास येतो, पब्लिक तक्रार करतं. त्यापेक्षा सगळं भात काढून भाजून घेऊ. दाणा मेला की किडा लागत नाही. दिसायला फरक नाही. भाजून परत भरू, वर्षानुवर्षं टिकेल."

मला वाटलं ते गंमत करताहेत. कोणी हसलं नाही.

"भाऊसाहेब, ते बियाणं आहे," मी म्हटलं.

"मॅडम, आपल्याला कुठे पेरायचंय? आपल्याला दाखवायचंय."

"काकांना पेरायचंय. तुम्ही हो म्हणाला होतात. हा कागद बघा, सही केलीत तर आजच..."

"भावनिक होऊ नका," समितीतले एक निवृत्त साहेब म्हणाले. ते पूर्वी शेतीखात्यात होते.

तेवढ्यात कॅन्टीनवाला ताट घेऊन आला. भाऊसाहेबांकडे काचेच्या खोलीची दुसरी किल्ली असते. सकाळीच त्यांनी लिंपणाला भोक पाडून दोन ओंजळी भात काढून ट्रायलला दिलं होतं. कॅन्टीनवाल्याने आच जास्त ठेवली, त्यामुळे सगळ्याच्या लाह्या झाल्या होत्या. गुलाबीसर, टपोऱ्या.

"आच कमी ठेवावी लागेल," इंटेरिअरवाले म्हणाले आणि एक मूठ उचलली. मग निवृत्त साहेबांनी उचलली. मग सगळ्यांनीच. कोणीतरी मीठ मागवलं. मोबाइलमध्ये बघत, पुढच्या सोमवारच्या सुट्टीचं बोलत, चार माणसांनी राता खाल्लं. माझा कागद ताटाखाली होता.

हिरूकाका चहा घेऊन आत आले. भाऊसाहेबांनी खरंच आपुलकीने ताट पुढे केलं. "घे रे हिरू. तुझ्याच शेतातलं."

काकांनी ट्रे खाली ठेवला. चार लाह्या तळहातावर घेतल्या आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघितल्या.

"चांगल्या फुलल्यात," ते म्हणाले. "दाना जिवंत व्हता."

मग कप लावले आणि बाहेर गेले. ठराव मंजूर झाला. भट्टीवाला दुसऱ्या दिवशी दहा वाजता येणार होता.

*

सकाळी उठले तेव्हा राजीनामा लिहायचा असंच डोक्यात होतं. दोन ओळी लिहिल्याही. मग लक्षात आलं की राजीनामा दिला की पहिली गोष्ट परत करावी लागते ती किल्ली. कागद बाजूला ठेवला, भाऊसाहेबांना मेसेज केला: 'कणगीतलं भात आज सकाळी हिरूकाकांना परत देत आहे. आपली बोली होती. जबाबदारी माझी एकटीची.' चोरून काही करायचं नव्हतं. मग फोन बंद करून निघाले.

सात वाजता नसीमाआपा सुताच्या रिकाम्या गोण्या घेऊन गेटवर उभी होती. तिला मी फक्त "लवकर या" एवढंच कळवलं होतं.

मी कुलूप काढलं. काकांना हाक मारली. ते आत आले, बूट बाहेर काढून.

"नोकरी जाईल, बाय."

"माझी जाईल. तुम्हाला मी सांगितलंय, तुम्ही ड्युटी केली."

"तसं लिहून द्या," नसीमाआपा म्हणाली. मी तिथेच लिहून सही करून दिलं.

काकांनी कणगीच्या तोंडाचं उरलेलं शेण बोटांनी अलगद सोडवलं. आपाने गोणीचं तोंड धरलं, मी सूप धरलं. भात घसरायला लागलं तसा तो वास सगळ्या दालनात पसरला. एसी बंद होता. पहिली गोणी भरली, दुसरी भरली. बाहेर कुठेतरी कंटेनर मागे घेतल्याचा आवाज येत होता आणि आपा दर मिनिटाला दाराकडे बघत होती.

तळ दिसायला लागला तेव्हा मी सूप आणखी खाली घातलं. काकांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. कनगी कधी रिकामी करत न्हाईत."

मी वाकून पाहिलं. तळाशी ओंजळभर भात होतं. काकांनी शेण पाण्यात कालवून तोंड पुन्हा लिंपलं, पहिल्यासारखं गुळगुळीत. हात पुसले, गोणी डोक्यावर घेतली आणि दारातून मागे वळून म्हणाले,

"तेवढं भाऊसाहेबाला भाजाया व्हईल."